कपाट भिंतीला टेकले म्हणजे बांधले गेले असे नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीची साफसफाई निघाली की मुंबईत घरोघरी कपाटे सरकवली जातात, मागची जळमटे निघतात, जमले तर रंगाचा हात फिरतो आणि कपाट परत होते तिथे, भिंतीला टेकवून उभे राहते. कपाटाची पाठ आणि मागची भिंत दोन्ही एकदम मोकळी दिसण्याची ही वर्षातली बहुधा एकमेव वेळ. त्याच वेळी दोन अँगल (काटकोनात वळलेल्या लोखंडी पट्ट्या) लावून कपाट भिंतीला पक्के करावे, एवढेच सांगायचे आहे. मात्र जिथे हे केलेले दिसते तिथेही ते बहुतेकदा नुसते नावाला केलेले असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुठेही भूकंप झाला की आपल्याकडे चर्चा होते ती इमारतीची. ती व्हायलाच हवी. पण इमारत जशीच्या तशी उभी राहिली तरी आतले सामान माणसाला जायबंदी करते, हा भाग चर्चेत येतच नाही. टोकियोच्या अग्निशमन विभागाच्या माहितीनुसार तिथे अलीकडच्या भूकंपांत जखमी झालेल्यांपैकी सुमारे ३० ते ५० टक्के लोक फर्निचर कोसळल्याने, घसरल्याने किंवा वरच्या वस्तू अंगावर पडल्याने जखमी झाले. १७ जानेवारी १९९५ चा कोबेचा भूकंप पहाटे पावणेसहाच्या सुमारास झाला. आपल्या किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप पहाटे चारच्या आत झाला. किल्लारीत माणसे गेली ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली, त्याचा फर्निचरशी संबंध नाही. पण माणसे झोपेत असताना धक्का बसला तर उशाशी काय उभे आहे याला किती महत्त्व येते, हे दोन्हींवरून कळते. मुंबईच्या दहा बाय बाराच्या खोलीत उशाशी कपाटच असते.

‘मुंबईत कुठे एवढा भूकंप येतो?’ हा ठरलेला प्रश्न. आयएस १८९३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत मुंबई विभाग ३ मध्ये आहे आणि त्या विभागासाठीचा गुणांक ०.१६ आहे. सोप्या शब्दांत, तीव्र धक्क्यात जमीन गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १६ टक्के जोराने आडवी हलू शकते, असे धरलेले आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप इथून सुमारे दोनशे किलोमीटरवर झाला आणि मुंबईला चांगलाच जाणवला. २६ जानेवारी २००१ चा भुजचा भूकंप साडेपाचशे किलोमीटरवरचा, तोही जाणवला. डहाणू-तलासरी भागात २०१८ च्या नोव्हेंबरपासून धक्क्यांची मालिकाच सुरू झाली होती. लांबच्या मोठ्या भूकंपाचे आणखी एक वैशिष्ट्य असते. त्याच्या संथ लाटा दूरवर पोहोचतात आणि उंच इमारतींना झुलवतात. ११ मार्च २०११ च्या जपानच्या भूकंपात केंद्रापासून सातशे किलोमीटरहून दूर असलेल्या ओसाकामधली ५५ मजली सरकारी इमारत सुमारे दहा मिनिटे झुलत होती आणि वरचे मजले एकेका बाजूला मीटरभराहून जास्त सरकत होते. परळ-लोअर परळच्या चाळिसाव्या मजल्यावर राहणाऱ्यांनी कोयनेपेक्षा हे उदाहरण लक्षात ठेवावे.

आता कपाटाचे गणित. कुठलीही उभी वस्तू आडव्या हिसक्याने डुलायला लागते ती साधारणपणे तिच्या पुढून मागच्या मापाला (खोलीला) उंचीने भागून येणाऱ्या आकड्यावर. घरातले नेहमीचे लोखंडी कपाट साडेसहा फूट, म्हणजे दोन मीटर उंच. पाय थोडे आत घेतलेले असल्याने पुढून मागे प्रत्यक्ष आधार सुमारे ४५ सेंटीमीटर. ४५ भागिले २०० म्हणजे साडेबावीस टक्के. पुस्तकांचे १८० सेंटीमीटर उंच, ३० सेंटीमीटर खोल शेल्फ असेल तर पावणेसतरा टक्के. दाराशी असते ते चपलांचे अरुंद उभे कपाट त्याहूनही कमी भरते. पहिले दोन आकडे जमिनीच्या १६ टक्क्यांच्या वर असले तरी वरच्या मजल्यांवर हिसका वाढतो. गच्चीच्या पातळीला तो जमिनीच्या दुपटीने धरण्याची पद्धत आहे. म्हणजे ३२ टक्के. शिवाय आपण कपाटावर काय ठेवतो ते पाहा: दोन सुटकेसा, जुना मिक्सर, पितळेची परात, गणपतीच्या मखराचे खोके. भरलेले कपाट १२० किलोचे असेल आणि डोक्यावर ३० किलो चढवले, तर गुरुत्वमध्य एक मीटरवरून सुमारे सव्वा मीटरवर जातो आणि साडेबावीसचे अठरा टक्के होतात. फरशी धुताना पाणी लागू नये म्हणून पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे दिले असतील तर उंची आणखी वाढते, आणि कपाट डुलताना पाय ठोकळ्यावरून घसरतो तो वेगळाच. ठोकळे द्यायचेच असतील तर चार सुटे तुकडे न देता पुढून मागेपर्यंत अखंड पट्टी द्यावी.

डुलणे म्हणजे लगेच कोसळणे नव्हे. छोट्या, जलद हिसक्यात कपाट परत बसते. संथ आणि लांब झोल्यात मात्र त्याला परत यायला उसंत मिळत नाही. त्यात दार उघडले किंवा खण पुढे सरकले की वजनही पुढे येते. लोखंडी कपाटाची मूठ फिरवून वरखालचे गज बसलेले असतील तर दार उघडत नाही. रात्री मूठ लावलेली असणे हा फुकटचा उपाय आहे.

बांधलेल्या कपाटाच्या अँगलवर किती ओढ येते, हेही मोजता येते. तेच १२० किलोचे कपाट ४० टक्के जोराने हलवले असे धरू. पाडणारा जोर ४८ किलो, एक मीटर उंचीवर, म्हणजे किलो गुणिले मीटर ४८. सावरणारे वजन १२० किलो, साडेबावीस सेंटीमीटर अंतरावर, म्हणजे २७. वजा जाता उरले २१. हे १.९५ मीटर उंचीवर धरून ठेवायचे तर ओढ येते अवघी ११ किलो, दोन अँगलमध्ये विभागून. हिसका दुप्पट, ८० टक्के धरला तरी एकूण ३५ किलो. प्रत्यक्षात झटक्यांमुळे ही ओढ वाढते, म्हणून प्रत्येक जोड किमान ५० किलो सहज पेलेल असा असावा. व्यवस्थित बसवलेला १० नंबरचा स्क्रू विटेच्या भिंतीत हे करतो. अँगल कपाटाच्या अगदी वरच का लावायचा, याचे उत्तरही याच गणितात आहे. तोच मध्यावर लावला तर ओढ जवळजवळ दुप्पट होते. आणि बांधणी सैल असेल तर हे सगळे गणित कोलमडते, कारण कपाट आधी वेग घेते आणि मग हिसडा देते.

खरी गोम भिंतीत आहे. मुंबईत एकाच रस्त्यावर चार प्रकारच्या भिंती सापडतात आणि ड्रिलवाला चारही ठिकाणी तीच गिट्टी (स्क्रू धरण्यासाठी भोकात बसवायचा प्लास्टिकचा तुकडा) ठोकून जातो. भिंत ओळखायची तर ड्रिलखाली कागद धरावा आणि पडणारी पूड पाहावी. पहिल्या दीड-दोन सेंटीमीटरला करडी पूड येते, ती प्लास्टरची. नव्या इमारतीत जिप्समचे प्लास्टर असेल तर पांढरी. त्यानंतर लाल पूड आली तर वीट. करडीच राहिली आणि ड्रिल किंचाळत हळूहळू आत गेले तर काँक्रीट. पांढरट-राखी भुगा भसाभस पडला आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखे गेले तर सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक. आणि ड्रिल एकदम पोकळीत घुसले तर ते जिप्सम बोर्डाचे पार्टिशन.

विटेच्या भिंतीत सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे गिट्टी नुसत्या प्लास्टरमध्ये बसते. बाजारात मिळणारी एक इंची गिट्टी फोटो टांगायला ठीक आहे. इथे ८ मिलिमीटरचे भोक, ६० मिलिमीटर खोल, म्हणजे प्लास्टर वजा जाता गिट्टी विटेत चार सेंटीमीटर तरी बसली पाहिजे. साडेचार इंची आतली भिंत असली तरी एवढी खोली चालते; त्याहून आत गेल्यास शेजाऱ्याचे प्लास्टर उडते. प्लास्टरनंतर पूड करडी आणि मऊ येत राहिली तर ड्रिल दोन विटांमधल्या सांध्यात गेले आहे. ते भोक सोडून चार-पाच सेंटीमीटर वर किंवा खाली घ्यावे. भोकातली पूड फुंकून काढल्याशिवाय गिट्टी ठोकू नये. गिट्टी भोकात गरगर फिरत असेल तर काडेपेटीच्या काड्या कोंबण्याचा आपला राष्ट्रीय उपाय इथे करू नये, नवे भोक पाडावे.

काँक्रीटच्या भिंती, म्हणजे नव्या टॉवरमधल्या मायवान पद्धतीच्या (साच्यात सलग ओतलेल्या), सर्वांत भरवशाच्या. तिथे ४० ते ५० मिलिमीटर खोली पुरते, पण साधे घरगुती ड्रिल हात टेकते. हॅमर ड्रिलच लागते. मध्येच टोक अडून ठिणगी उडाली तर सळई लागली आहे, तीन सेंटीमीटर बाजूला व्हावे. काही सोसायट्या अशा भिंतीला हातच लावू देत नाहीत. वायरिंगसाठी झिरी खोदायला बंदी असावी हे बरोबर, पण ८ मिलिमीटरच्या दोन भोकांना ती लावण्यात अर्थ नाही. इमारतीच्या अभियंत्याकडून तेवढी लेखी परवानगी घ्यावी.

सिपोरेक्समध्ये हॅमर बंद ठेवून, नुसते फिरवून भोक पाडावे. हॅमर चालू राहिला तर भोक आतून फाटते आणि गिट्टी हाताने बाहेर येते. या ब्लॉकसाठी जाड आट्यांची वेगळी नायलॉनची गिट्टी मिळते, ६० ते ८० मिलिमीटर लांबीची. चार इंची भिंतीत याहून लांब घेऊ नये. तरीही दोन स्क्रूंवर विसंबण्यापेक्षा आधी भिंतीला १८ मिलिमीटर प्लायची चार इंच रुंद आडवी पट्टी पाच-सहा गिट्ट्यांनी बसवावी आणि अँगल त्या पट्टीला जोडावा. ओढ विभागली जाते. जुन्या, भुसभुशीत विटांनाही हाच उपाय चालतो.

गिरगाव-लालबागकडच्या लाकडी सांगाड्याच्या जुन्या चाळींत विटा चुन्यात बसवलेल्या असतात आणि तिथे गिट्टी धरतच नाही. तिथे भिंतीतला लाकडी खांब शोधून त्यातच स्क्रू मारावा. आधी पेचकस टोचून वाळवी नाही ना, ते पाहावे. जुने सागवान इतके घट्ट असते की ३ मिलिमीटरचे भोक न पाडता स्क्रू मारला तर तो अर्ध्यात तुटतो. स्क्रूला साबण लावावा. जिप्समच्या पार्टिशनमध्ये फक्त आतला पत्र्याचा उभा खांब कामाचा, तो बहुधा दोन-दोन फुटांवर असतो आणि लोहचुंबकाने सापडतो. तो सापडला नाही तर त्या भिंतीला उंच कपाट लावूच नये.

भोक कुठेही पाडण्याआधी, स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली ड्रिल चालवू नये. वायरची नळी बहुतेक तिथूनच गेलेली असते. न्हाणीघर किंवा ओट्याला लागून असलेल्या भिंतीत पाण्याचे पाइप असतात. त्या भागाचा एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डावरचा वीज तोडणारा खटका) पाडूनच काम करावे.

आता कपाटाची बाजू. अँगल दोन इंच बाय दोन इंच, ३ मिलिमीटर जाडीचा लोखंडी घ्यावा. एक मिलिमीटरचा पत्र्याचा अँगल ओढ आली की सरळ होतो. त्याचे भिंतीकडचे भोक कोपऱ्याच्या जितके जवळ तितके चांगले. लांबच्या भोकातून स्क्रू मारला तर अँगल तरफेसारखा स्क्रू उपटतो. प्लायच्या कपाटाला अँगल वरच्या फळीला लावावा, पाठीच्या पातळ प्लायला नव्हे. ती तीन ते सहा मिलिमीटरची पाठ केवळ खिळ्यांवर असते. भूकंपात पाठ भिंतीवर राहील आणि कपाट अंगावर येईल. पार्टिकल बोर्डाच्या तयार कपाटात स्क्रू धरत नाहीत, पावसाळ्यात बोर्ड फुगला की आणखीच सैल होतात. तिथे आरपार नटबोल्ट आणि आतून मोठा वॉशर हवा. लोखंडी कपाटालाही तसेच. वरचा पत्रा पातळ असतो, म्हणून मागच्या कडेला जिथे पत्रा दुमडून दुहेरी झाला आहे तिथे भोक पाडून ६ मिलिमीटरचा बोल्ट, दोन्ही बाजूंना रुंद वॉशर. सुतारांकडे असलेले काळे स्क्रू जिप्सम बोर्डाचे असतात. ते ठिसूळ असतात आणि झटक्याने तुटतात, ते इथे वापरू नयेत. समुद्राजवळच्या वस्तीत स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. दोन अँगल, गिट्ट्या, स्क्रू मिळून दोनशे रुपयांच्या आत काम होते. मजुरी त्याहून जास्त पडते, म्हणून ड्रिलवाला पडदे लावायला आला असेल तेव्हाच हेही उरकावे.

भिंत आणि कपाट यांच्यात स्कर्टिंगमुळे (भिंतीच्या तळाशी लावलेल्या फरशीच्या पट्टीमुळे) सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची फट राहते. अँगल लावताना वर तेवढ्याच जाडीची प्लायची पट्टी सरकवावी, नाहीतर कपाट त्या फटीत पुढेमागे आदळत स्क्रू ढिले करते. काम झाल्यावर वरचा भाग दोन्ही हातांनी पुढे ओढून पाहावा. ‘टक’ असा आवाज आला तरी फट उरली आहे. एकावर एक ठेवलेल्या दोन भागांच्या कपाटांना खालचा-वरचा भाग जोडणाऱ्या सपाट पट्ट्या दोन्ही बाजूंना हव्यात. नुसता वरचा भाग बांधला तर खालचा निसटतो.

घर भाड्याचे असेल आणि मालक भोक पाडू देत नसेल तर? कपाटाचा माथा आणि छत यांच्यामध्ये ताणून बसवायचे खांब जपानमध्ये सर्रास वापरतात. आपल्याकडे बहुतेक घरांत वर पीओपीचे फॉल्स सीलिंग असते आणि त्याला टेकवलेला खांब ते फोडून वर जातो. खरा स्लॅब असेल तरच हा उपाय, आणि तोही पुढच्या पायांखाली पाचर सरकवून कपाट किंचित मागे कलते करून. हे अँगलच्या निम्मेही भरवशाचे नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरे. त्याहून बरे म्हणजे मालकाला समजावणे. दोन भोके पुट्टीने बुजतात.

बाकीचे थोडक्यात. डोक्यावरचे ओझे माळ्यावर किंवा खालच्या खणात. मांडणीतली पितळेची-तांब्याची भांडी खालच्या फळीत, वरच्या फळ्यांना पुढून एक इंच उंचीची पट्टी. काचेच्या शोकेसला चुंबकाची नव्हे, कडीची झडप. टीव्ही टेबलावर असेल तर मागून पट्ट्याने बांधावा. गॅसच्या सिलिंडरला भिंतीतल्या हुकाला साखळी, रात्री रेग्युलेटर बंद. कपाटाची जागा अशी असावी की ते आडवे झाले तरी खोलीचे दार उघडेल. आत उघडणाऱ्या दारासमोर चपलांचे कपाट पडले तर दोन माणसांनी ढकलूनही दार उघडत नाही. एकाच खोलीत जागा बदलणे शक्य नसेल तर निदान झोपण्याची दिशा बदलावी, कपाटाकडे पाय होतील अशी.

भूकंपाची शक्यता ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी एक वेगळे कारण आहे. खालचे खण उघडून त्यांवर पाय देत वर चढणारी तीन-चार वर्षांची मुले कपाट अंगावर ओढून घेतात. अमेरिकेत या अपघातांमुळे २०२२ च्या अखेरीस स्वतंत्र कायदा झाला आणि कपड्यांच्या खणांच्या कपाटांना स्थिरतेच्या चाचण्या सक्तीच्या झाल्या. लहान मूल घरात आहे, तिथे अँगलला मुहूर्ताची गरज नाही.

यासाठी दोन-तीन गोष्टी इतरांनीही कराव्यात. फर्निचर विकणारे घरी येऊन कपाट जोडून देतात. भिंतीला बांधून देणे हा त्याच कामाचा भाग धरावा आणि ग्राहकाने तसे बिलावर लिहून मागावे. नव्या इमारतीत ताबा देताना विकासकाने प्रत्येक फ्लॅटच्या भिंतींचा एक पानी नकाशा द्यावा: कोणती भिंत काँक्रीटची, कोणती ब्लॉकची, पाइप आणि वायरिंग कुठून गेले आहे. ही माहिती त्यांच्याकडे असतेच, ग्राहकाच्या हाती तेवढी पडत नाही. जुन्या सोसायट्यांनी संरचनात्मक तपासणी करून घेताना अभियंत्याकडून प्रत्येक मजल्यावरच्या भिंतींच्या प्रकाराची नोंद मागून घ्यावी आणि ती सूचना फलकावर लावावी. महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन विभागाने शाळांत ‘वाका, आडोसा घ्या, धरून राहा’ शिकवताना त्याच शाळेतली ग्रंथालयाची आणि प्रयोगशाळेची कपाटे भिंतीला बांधली आहेत का, हेही पाहून घ्यावे. प्रयोगशाळेतल्या आम्लाच्या बाटल्या बहुतेक ठिकाणी मुलांच्या हाताला लागू नयेत म्हणून सर्वांत वरच्या फळीवर असतात; त्या कुलूपबंद करून सर्वांत खाली आणाव्यात.

आपला,
एक बांधकाम अभियंता
मुलुंड (पूर्व), मुंबई